वाशिष्ठीच्या खोऱ्यातील घोड्यांचा तळ

कराडहून चिपळूणकडे येणारा रस्ता कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर सह्याद्रीची कड ओलांडतो आणि मग दाट रानाच्या सावलीतून वळणे घेत घेत पोफळी, शिरगाव या गावांजवळ कोकणच्या भूमीस लागतो. त्याच पायथ्याशी, वाशिष्ठीच्या वरच्या खोऱ्यात, अलोरे हे गाव वसले आहे. कोळकेवाडीचा किल्ला आणि त्याच्या कुशीतील धरण यांच्या सान्निध्यात असलेल्या या गावाचे नाव बाहेरच्या जगाला ठाऊक झाले ते कोयना जलविद्युत प्रकल्पामुळे. घाटमाथ्यावर अडविलेले कोयनेचे पाणी पश्चिमेकडे वळवून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून खाली आणावयाचे, कोळकेवाडीस साठवावयाचे, तेथून तिसऱ्या टप्प्याच्या ३२० मेगावॅटच्या वीजगृहातून पुन्हा एकवार फिरवावयाचे आणि शेवटी वाशिष्ठीच्या स्वाधीन करावयाचे, अशी ही योजना आहे. त्यामुळे कोकणातील इतर नद्या शिमग्यानंतर आटून डोहांपुरत्या उरतात, तेव्हाही अलोऱ्याखालची वाशिष्ठी भर वैशाखात वाहत असते.

वाहते पाणी, काठाची सपाट जमीन, पाठीशी अरण्य आणि त्या अरण्यात शिरणाऱ्या जुन्या पायवाटा इतके सर्व एके ठिकाणी मिळाले, की तेथे तंबू ठोकावा, घोडा बांधावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवरून रानात जावे, अशी इच्छा कोणाही निसर्गप्रेमी माणसास व्हावी हे स्वाभाविक आहे. चोरवण्याहून नागेश्वराच्या गुहेकडे आणि पुढे वासोट्याच्या दिशेने चढणारी वाट, तिवऱ्याचा घाट, दसपटीच्या गावांतून माथ्याकडे जाणाऱ्या पाऊलवाटा या सर्व याच खोऱ्याच्या परिघात आहेत. नदीकाठी तंबू टाकून पर्यटकांस उतरविण्याचा व्यवसाय महाराष्ट्रात आता सर्वत्र रुजला आहे आणि घोडेस्वारीची हौसही वाढते आहे. या दोहोंची गाठ एखाद्या दिवशी अलोऱ्याच्या परिसरात पडेल, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे. ती पडण्यापूर्वी एक गोष्ट स्मरणात आणून देणे मला कर्तव्य वाटते. अरण्याच्या कडेस, नदीच्या आश्रयाने, घोड्यांसह तळ कसा करावा याचे शास्त्र आपल्याला परदेशांतून आणावयाचे नाही. ते याच खोऱ्यात, सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी, लेखी हुकुमाच्या रूपाने सांगितले गेले आहे, आणि ते सांगणारे पुरुष छत्रपती शिवाजी महाराज होते.

१६७४ च्या जूनमध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यापूर्वीच्या काळात स्वराज्याच्या घोडदळाचा एक मोठा तळ चिपळूणच्या मुलखात पडला होता. चिपळूण हे त्या काळी दाभोळच्या मामल्यातील महत्त्वाचे ठाणे. बंदर हाताशी आणि घाटवाट पाठीशी, त्यामुळे लष्करास सोयीचे. नेसरीच्या खिंडीत सेनापती प्रतापराव गुजर धारातीर्थी पडल्यानंतर महाराजांनी चिपळूणास येऊन लष्कराची पाहणी केली आणि तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांना सरनौबती सांगितली, हे बखरकारांनी नमूद केलेले आहे. याच तळासंबंधी, हलवर्ण या गावी असलेल्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांस उद्देशून, एका मे महिन्यात महाराजांनी पाठविलेले पत्र आज उपलब्ध आहे. चिपळूणपासून जवळच, वाशिष्ठीच्या खोऱ्यात वसलेले दळवटणे हे गाव म्हणजेच ते हलवर्ण, असे स्थानिक इतिहासप्रेमी मानतात. शिवकालीन पत्रांत या पत्राची कीर्ती मोठी आहे. परंतु रयतेविषयीच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून ते जितके वाचले जाते, तितके घोड्यांच्या तळाची व्यवस्था सांगणारी सनद म्हणून वाचले जात नाही. वस्तुतः ते दोन्ही आहे, आणि ते दोन्ही असणे यातच त्याचे सामर्थ्य आहे.

पत्राचा प्रसंग असा. पावसाळा तोंडावर आलेला. लष्कर घाटावर चढवावे अशी सोय उरलेली नाही. म्हणून ते तेथेच छावणीस ठेवण्याचा निर्णय झालेला. मराठी घोडदळाचा शिरस्ता पाहता हे काहीसे अपवादात्मक होते. सभासदाने आपल्या बखरीत हा शिरस्ता सविस्तर सांगितला आहे: पावसाळ्याचे चार महिने फौजेने आपल्या देशी छावणीत राहावे, तेथे दाणा, चंदी, औषधे आणि गवताने शाकारलेल्या पागा यांची तरतूद आधीच झालेली असावी, आणि दसरा होताच कूच करून आठ महिने परमुलखात पोट भरावे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद, ही त्या व्यवस्थेची वीण होती. घोड्याला पाणी कोण देणार आणि त्याचा खूर कोण पाहणार, हे स्वार नेमतानाच ठरविणारे राज्य घोडा म्हणजे काय हे जाणणारे होते.

आता कोकणातील पावसाळी छावणी इतकी बिकट का, ते पाहू. दख्खनचा घोडा हा कोरड्या मुलखाचा प्राणी. भीमेच्या काठावरील ज्या भीमथडी तट्टांवर मराठ्यांनी हिंदुस्थान पालथा घातला, त्यांचे खूर कठीण व कोरड्या भूमीवर घडलेले होते. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या भूमीत चार महिने चिखलात उभे राहिले, की खुराचा तळवा मऊ पडून कुजू लागतो, पायाच्या सांध्याखालच्या कातडीस भेगा पडतात आणि घोडेमाशांचा उपद्रव अहोरात्र सुरू होतो. याहूनही मोठी अडचण चाऱ्याची. रानात सर्वत्र हिरवळ दिसते, पण कोवळे पावसाळी गवत पाण्याने भरलेले असते. सुक्या वैरणीवर राहिलेल्या घोड्यास ते अकस्मात भरपेट घातले तर पोटशूळ उठतो, आणि घोड्यास ओकारी होत नसल्यामुळे पोटातील कोंडी बहुधा प्राणावर बेतते. त्याला हवे असते वाळलेले गवत. आणि कोकणात गवत वाळते ते पाऊस सरल्यावर, आश्विन-कार्तिकाच्या उन्हात. ज्येष्ठ लागल्यापासून दसऱ्यापर्यंत वाळवणास ऊनच मिळत नाही. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस गंजीत जे शिल्लक असेल तेवढेच काय ते घोड्याचे चार महिन्यांचे आयुष्य.

हिशेब करून पाहिला म्हणजे या शिलकीचे गांभीर्य ध्यानात येते. अडीचशे-तीनशे किलो वजनाच्या तट्टास रोज पाच ते सहा किलो सुकी वैरण लागते. अशी हजार घोडी धरली, तर दिवसाला पाच-सहा टन, आणि एकशे वीस दिवसांच्या छावणीस सहाशे ते सातशे टन वैरण झाली; दाण्याचा, म्हणजे चंदीचा, हिशेब वेगळाच. महाराजांच्या पत्राचा पहिला भाग याच हिशेबावर उभा आहे. साठवलेला दाणा आणि गवत आहे तोवर मनास येईल तसे खर्च करू नका. दररोजचे प्रमाण ठरवून, कारकुनांकडून मोजून घ्या. आज चैन केलीत तर पावसाळ्याच्या मध्यावर काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असा त्याचा अर्थ होईल, असा त्या इशाऱ्याचा आशय आहे. लढाईत घोडा पडणे आणि गंजी संपल्यामुळे घोडा पडणे यांत दुसऱ्या मरणाचा दोष निःसंशय माणसाकडे जातो, हे इतक्या रोखठोक शब्दांत सांगणारा राज्यकर्ता विरळा.

पत्राचा दुसरा भाग रयतेचा. घोडी उपाशी राहू लागली की स्वार काय करील, याविषयी महाराजांना यत्किंचितही भ्रम नव्हता. तो गावात शिरेल. कोणाचा दाणा, कोणाची भाकर, कोणाचे गवत, कोणाचे लाकूड, कोणाची भाजी उचलील. आणि मग आपल्या झोपडीत कसाबसा तग धरून राहिलेला कुणबी गाव सोडून जाईल, कित्येक उपाशी मरतील, आणि मोगल मुलखात आले त्याहून तुम्ही वाईट, असे लोक म्हणू लागतील. म्हणून जे हवे ते बाजारातून विकत घ्यावे, कोणावर जुलूम करू नये, अशी आज्ञा आहे. ही आज्ञा केवळ दयाबुद्धीची नव्हे. वैरण कापतो कोण, गंजी रचतो कोण, पुढच्या साली पुन्हा दाणा पिकवितो कोण? रयत उठून गेली की तळाचा आधारच गेला. तळ आणि गाव यांचे हित एकच आहे, ही जाण त्या पत्राच्या अक्षराअक्षरात आहे.

आणि तिसरा भाग अग्नीचा; तो वाचताना तर लेखक स्वतः त्या तळावर रात्री हिंडला असावा असे वाटते. कोणी भलत्याच जागी चूल मांडील व स्वयंपाक करील. कोणी वाऱ्याचे भान न ठेवता तंबाखूसाठी विस्तव नेईल. कोणी रात्री दिवा तसाच जळत ठेवून झोपेल आणि उंदीर त्यातील पेटती वात तोंडात धरून गवतात शिरेल, इतक्या बारकाईने संभाव्य अपघातांची गणना त्यात केली आहे. एका ठिणगीने एक गंजी पेटली, की शेजारच्या सर्व गंज्या आणि गवताची खोपटी जळून जातील; मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना धारेवर धरले तरी गवताची एक काडी मिळणार नाही, आणि उभी पागा बुडेल. यास्तव अंमलदारांनी रात्रंदिवस फिरून चुली आणि दिवे पाहावेत, असा बंदोबस्त सांगितला आहे. शिक्षेने गेलेली वस्तू परत येत नाही, म्हणून दक्षता आधी हवी, हा शासनशास्त्रातील गहन सिद्धान्त येथे उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत नेऊन भिडविला आहे.

घोडदळ गेले, पागा मोडल्या, जुमलेदार-हवालदार ही पदे इतिहासजमा झाली. तथापि घोड्यासह तळ करण्याची विद्या मराठी मुलखातून अजून लुप्त झालेली नाही. ती जिवंत ठेवली आहे ती धनगर मेंढपाळांनी. फलटण, माण, बारामतीकडच्या कोरड्या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे कुटुंबसमूह, निघतात आणि सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात येतात. कुंभार्ली ही त्या वाटांपैकी एक. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरांत मेंढरे चरतात, रात्री ती एखाद्याच्या शेतात बसवितात, आणि त्यांच्या लेंडी-मुताने जमिनीस जे खत मिळते त्याच्या मोबदल्यात शेतकरी धान्य किंवा रोकड देतो. पावसाची चिन्हे दिसण्यापूर्वीच वाडा पुन्हा घाट चढू लागतो, कारण दख्खनी मेंढी आणि दख्खनी घोडा या दोघांनाही कोकणचा पावसाळा सोसत नाही. महाराजांच्या लष्करास जे नाइलाजाने करावे लागले ते टाळण्याचे स्वातंत्र्य मेंढपाळास आहे, आणि तो त्याचा शहाणपणाने उपयोग करतो.

या वाड्याचे सर्व बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर असते. पुरुष मेंढरे घेऊन रानामाळाने जातात. घोडी हाकीत, पुढच्या मुक्कामाची जागा गाठून, तळ उभा करण्याचे काम बायकांचे. नदीकाठच्या अशा एका मुक्कामावर संध्याकाळी घोडी येऊन थांबली, तेव्हा वाड्यातील एका प्रौढ कारभारणीने जे केले ते मी लक्षपूर्वक पाहिले. आधी तिने घोडीच्या पाठीवरचे डालगे उतरविले. त्यात कोंबड्या आणि वाटेत जन्मलेले एक कोकरू होते. मग दोरी सैल करून पीठमिठाच्या पिशव्या, भांडी, घोंगड्या आणि वाघरीचे, म्हणजे मेंढरे कोंडण्याच्या जाळ्याचे, गुंडाळे खाली घेतले. खालची गोधडी लगेच न काढता तिने थोडा वेळ तशीच राहू दिली, कारण घामेजलेल्या पाठीस एकदम वारा लागू देऊ नये. आणि नंतर ती काढून, तळहात कण्यावरून मागेपुढे फिरवीत, पाठ कोठे लागली आहे का ते चाचपून पाहिले. घोडीने मातीत लोळण घेतली, अंग झाडले; मग तिला प्रवाहाच्या खालच्या अंगास पाण्यावर नेले, पुढच्या पायांत पायबंद घातला आणि चरावयास सोडले. माणसांच्या पिण्याचे पाणी वरच्या अंगाहून आणले होते. चूल मांडली ती वाऱ्याच्या आड, तीन दगडांची, भोवतालचा पालापाचोळा हाताने दूर सारून.

“म्हातारी सांगायची, घोडी आधी, मग आपण. ती बसली की वाडा बसला,” असे ती बाई काम न थांबविता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वाडा हलला तेव्हा त्या जागी दगड विखुरलेले होते, राखेवर पाणी ओतलेले होते, आणि शेताच्या मालकास हवी असलेली लेंडी शेतात होती. ज्या जागेवर पुन्हा पुढच्या वर्षी यावयाचे आहे ती जागा कशी सोडावी, हे त्या लोकांस कोणी शिकविलेले नाही. त्यांच्या उपजीविकेनेच ते त्यांना शिकविले आहे.

अमेरिकेतही घोड्यांसह अरण्यात राहण्याची मोठी परंपरा आहे. १९६४ च्या तेथील अरण्यसंरक्षण कायद्याने राखीव रानांत मोटारी आणि यंत्रे यांना मज्जाव केला, परंतु घोडा आणि खेचर यांना वाट मोकळी ठेवली. आणि त्या मोकळिकीचा दुरुपयोग होऊ नये म्हणून १९७३ मध्ये मोंटाना राज्यात घोडेस्वारांनी स्वतःच एक संघटना उभारली. तेथे रुजलेले नियम असे: घोडा पाण्यापासून सुमारे साठ मीटर दूर बांधावा, तो थेट झाडास बांधू नये, कारण कंटाळलेला घोडा मुळांशी जमीन उकरतो आणि साल कुरतडतो, म्हणून दोन झाडांना रुंद पट्टे गुंडाळून त्यांच्यामध्ये उंच दोर ताणावा आणि त्यास घोडा अडकवावा, निघताना लीद पसरून टाकावी, आणि वैरण तणाच्या बियांपासून मुक्त असल्याचे प्रमाणित केलेलीच आणावी. या शेवटच्या नियमाचे महत्त्व आपल्याकडे अधिकच आहे. १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत पाहता पाहता सर्व देशभर पसरले, आणि रानमोडी या तणाने कोकणातील पडीक जमिनी आणि रानाच्या कडा व्यापल्या. घाटावरून आणलेल्या कडब्यातून आणि घोड्याच्या लिदीतून असे एखादे नवे बी सह्याद्रीच्या गाभ्यात पोहोचले, तर ते उपटण्यास पुढच्या पिढ्याही पुरणार नाहीत. आपल्या जुन्या पद्धतीत आगाडी-पिछाडीचे दोर आणि जमिनीत ठोकलेल्या मेखा असत; त्यामुळे झाडाचे रक्षण आपोआप होई. ती पद्धत आजही अनुकरणीय आहे.

भूमीवर घोड्याचा भार किती पडतो, हे पाहावयास माथेरानास जावे. मोटारीस बंदी असल्याने तेथे घोडा हे प्रवासाचे एक मुख्य साधन आहे, आणि पर्यटकांच्या दृष्टीने तेच त्या स्थळाचे वैभव. परंतु टापांनी मोकळी झालेली तांबडी माती प्रत्येक पावसात वाहून जाते, आणि वाटा कशाने बांधाव्यात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. जांभ्याची माती आणि घाटाचा पाऊस अलोऱ्याच्या परिसरातही आहेत. येथील वाटा माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी घडलेल्या अरुंद वाटा आहेत. चढावर त्यांवरून एका ओळीने दहा घोडी चार दिवस गेली, तर पहिल्या पावसात ती वाट ओहोळ होईल.

शिवाय हे रान आता केवळ रान राहिलेले नाही. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले. पुढे २०१० मध्ये ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश नाही. त्याच कायद्याच्या ३० व्या कलमाने, अभयारण्यास धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटविणे किंवा पेटता सोडणे हा गुन्हा ठरविला आहे. आणि अभयारण्यापासून पाच किलोमीटरांच्या आतील पाळीव जनावरांचे सांसर्गिक रोगांविरुद्ध लसीकरण करण्याची तरतूदही त्यात आहे. हलवर्णच्या पत्रातील चुलीची आज्ञा आणि हे ३० वे कलम यांच्यामध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे, पण चिंता एकच.

नदीविषयीही सावध राहिले पाहिजे. अलोऱ्याखालचे पाणी विजेच्या मागणीप्रमाणे कमी-अधिक होते. सकाळी गुडघाभर असलेल्या प्रवाहाची पातळी काही वेळात वाढलेली दिसते, म्हणून पात्रातील वाळूवर वा बेटावर तळ करणे म्हणजे घोडा बांधून ठेवून त्यास बुडविणे होय. पावसाळ्यात तर नदीकाठचा मुक्काम सर्वथा वर्ज्य समजावा. २ जुलै २०१९ च्या रात्री याच खोऱ्याच्या शिरोभागी तिवरे धरण फुटून खालची वस्ती वाहून गेली, आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. या दोन तारखा ज्याच्या स्मरणात नाहीत त्याने या नदीच्या काठी दुसऱ्यांच्या जिवाची जबाबदारी घेऊ नये.

मी घोड्यांच्या तळाच्या विरुद्ध नाही. उलट तो व्हावा असे मला मनापासून वाटते. अलीकडे भीमथडी घोड्यास स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली आहे; परंतु घोड्यास काम उरले नाही तर नोंदवहीतील नावाने जात टिकत नाही. मोटारीच्या धुराऐवजी टापांच्या गतीने रान पाहणारा माणूस त्या रानाविषयी अधिक आदर बाळगील, अशीही माझी श्रद्धा आहे. प्रश्न आहे तो केवळ शर्तींचा. घोडी थोडी असावीत, आणि दसऱ्यापासून वैशाखापर्यंतच असावीत. तळ अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पात्रापासून दूर, गावच्या पडीक जमिनीवर असावा. वैरण व चंदी गावातूनच, रोख दाम मोजून घ्यावी. भाताचा पेंढा तेथे आहे, गवत कापणारे हात तेथे आहेत. लीद शेतकऱ्यास खत म्हणून द्यावी, चूल एकच असावी आणि तिच्यावर माणूस नेमलेला असावा. घोडी सांभाळण्याचे काम धनगरांना मानाने व योग्य वेतनाने द्यावे. पाठीवरून हात फिरवून दुखणे ओळखणारी ती विद्या कोणत्याही वर्गात शिकावयास मिळणार नाही.

यांतील एकही शर्त नवी नाही, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. मोजून खर्च करा, विकत घ्या, विस्तव सांभाळा, या तीन आज्ञांत त्या सर्व सामावल्या आहेत, आणि त्या आज्ञा या खोऱ्याला स्वराज्याच्या संस्थापकाने दिल्या आहेत. यापुढे अलोऱ्याच्या किंवा दळवटण्याच्या परिसरात कोणी घोड्यांचा तळ घालू म्हणेल, तेव्हा ग्रामसभेने त्याच्याकडून प्रथम ते पत्र वाचून घ्यावे, त्याच्या वैरणीचा लेखी हिशेब मागावा, आणि तो हिशेब पटला तरच परवानगी द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.